शिखर, मोहीम आणि उघडीप

दिवाळी अंक चाळताना दोन-चार अंकांआड हिमालयातील चढाईचा एखादा तरी लेख हाती लागतो. बर्फाचे शुभ्र छायाचित्र, हातात तिरंगा घेतलेला गिर्यारोहक आणि त्याखाली ठळक मथळा : अमुक शिखर ‘काबीज’, तमुक शिखरावर ‘स्वारी’, निसर्गावर ‘मात’. मराठीत हा लेखनप्रकार आता नवखा राहिलेला नाही. १९९८ साली हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील नागरी मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. १९८२ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट, मे २०१९ मध्ये कांचनजुंगा आणि एप्रिल २०२१ मध्ये अन्नपूर्णा अशी शिखरे गाठली. कांचनजुंगावर तर तिचे दहा गिर्यारोहक एकाच दिवशी पोहोचले. एवढे कर्तृत्व झाल्यावर त्याचे वृत्तान्त, आठवणी, पुस्तके येणारच, आणि ती आली. आपण ती कौतुकाने वाचतो. परंतु वाङ्मय म्हणून ती पारखून घ्यावीत असे आपल्याला सहसा वाटत नाही. प्रस्तुत लेखात या लेखनाच्या एकाच अंगाचा, म्हणजे त्याच्या शब्दकळेचा, विचार करायचा आहे. कारण शब्दकळा चुकली की नुसती शैली बिघडत नाही; वाचणाऱ्याची समज बिघडते, आणि डोंगरावर त्याची किंमत फार मोठी असते.

प्रथम हे शब्द पाहू. मोहीम, फत्ते, काबीज हे अरबी, तर ‘सर करणे’ मधला ‘सर’ फारसी. दरबारातून आणि फौजेतून ते मराठीत आले आणि इथलेच झाले. निजामाच्या राज्यात अनेक पिढ्या काढलेल्या आपल्या भागाला या शब्दांचे वावडे असण्याचे कारण नाही; आपल्या शेताच्या उताऱ्यापासून कोर्टाच्या कागदापर्यंत त्यांचाच वावर आहे. तेव्हा शब्द परके आहेत ही तक्रार नव्हे. मराठी माणूस डोंगर चढायला शिकला तो सह्याद्रीत, किल्ल्यांच्या वाटांनी. जिथे खरोखर लढाया झाल्या, तिथे चढणाऱ्याच्या तोंडी लढाईची भाषा यावी हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. प्रश्न एवढाच, की आठ हजार मीटरच्या शिखरावर जे काम प्रत्यक्षात चालते, त्याचे वर्णन या भाषेत होते काय?

ते काम कसे चालते हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. वर्षाचा बराच काळ त्या उंचीवरून पश्चिमेकडचे वेगवान वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, वाहत असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. त्या वाऱ्यात माणूस उभा राहू शकत नाही. मे महिन्याच्या मध्यास, मान्सून वर सरकू लागला की हे वारे उत्तरेकडे हटतात. जूनमध्ये मान्सून पोहोचला की बर्फवृष्टी सुरू होते. या दोहोंच्या मध्ये शांत हवेचे काही थोडे दिवस मिळतात. सगळी आखणी त्या दिवसांपासून उलटी मोजत करावी लागते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बेस कँप गाठायचा. मग वर चढायचे, सामान पोहोचवायचे, पुन्हा खाली येऊन झोपायचे, पुन्हा अधिक वर जायचे. शरीराला विरळ हवेची सवय होण्यास दुसरा मार्ग नाही. एवढे झाले की बेस कँपवर बसून राहायचे आणि रोज हवामानाचे अंदाज पाहायचे.

यातही एक मेख आहे. बेस कँपवरून माथा गाठायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे आज निघायचे ते आजची हवा पाहून नव्हे, पाचव्या दिवशीच्या हवेच्या अंदाजावर. शिवाय एकच दिवस शांत असून भागत नाही. उतरण्याचा दिवसही शांत हवा. पुढचा हिशेब प्राणवायूचा. चार लिटरच्या नळकांड्यात तीनशे पट दाबाने भरलेला वायू म्हणजे साधारण बाराशे लिटर. मिनिटाला दोन लिटर या दराने तो दहा तास पुरतो. वाटेत गर्दीमुळे तीन तास थांबावे लागले, तर ते तीन तास उतरणीतून वजा होतात. म्हणून रात्री निघायचे आणि परतण्याची वेळ आधीच ठरवायची : दुपारी अमुक वाजता, माथा समोर दिसत असला तरी, मागे फिरायचे. ही गणिते करणारा माणूस सैनिकापेक्षा आपल्या ओळखीच्या दुसऱ्याच कोणासारखा दिसतो. मृगाची वाट पाहणाऱ्या, एका पावसाने न फसणाऱ्या, बियाणे घरात तयार ठेवून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा!

आता आपल्या लेखांतली नेहमीची दोन वाक्ये घ्या. चढाई साधली नाही की लिहितात, “ऐनवेळी हवामानाने दगा दिला.” साधली की लिहितात, “नशिबाने साथ दिली.” दोन्ही वाक्यांचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. दगा तोच देतो ज्याने आधी शब्द दिलेला असतो. हवामानाने कोणाला शब्द दिला होता? हवा आपल्या नियमाने चालली. ती ओळखण्यात माणूस कमी पडला असेल किंवा त्याने ती ओळखून मागे फिरण्याचा शहाणपणा केला असेल. पण ‘दगा’ हा शब्द आला की दोन्ही शक्यता पुसल्या जातात. चूक झाली असेल तर ती झाकली जाते, शहाणपण असेल तर तेही झाकले जाते. ‘नशिबाने साथ’ या वाक्याने तर वीस दिवस केलेले निरीक्षण आणि हिशेब एका फटक्यात रद्द होतात. ज्याला हे लेखन वाचून डोंगराची ओळख व्हायची, त्याच्या पदरी शत्रू आणि दैव एवढीच दोन पात्रे पडतात.

गंमत अशी की ज्या लढाईतून आपण ही भाषा उचलली, ती लढाईसुद्धा अशी कधी नव्हती. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडाशी छावणीला परतत. नद्यांना उतार मिळेल, घोड्यांना वैरण मिळेल, वाटा वाळतील, मगच मोहीम. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते भर पावसाच्या रात्री. पाऊस ही तेव्हा अडचण नव्हती, आडोसा होता. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे कोंढाण्याच्या कड्याला भिडले ती माघ वद्य नवमीची रात्र. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा. पराक्रम होताच, पण त्या पराक्रमाला तिथी होती, ऋतू होता. आपण आज शिखरांवर लिहिताना लढाईची तलवार घेतली आणि लढाईचे पंचांग मात्र मागे ठेवले. माझा आक्षेप ‘मोहीम’ या शब्दावर नाही. त्या शब्दातला दसरा आपण गाळला, यावर आहे.

यासाठी नवे शब्द घडवण्याची गरज नाही. ते आपल्या बांधावर आहेत. सलग पावसात मध्येच आकाश मोकळे होते त्याला आपण ‘उघडीप’ म्हणतो. गिर्यारोहक ज्या चार शांत दिवसांसाठी महिनाभर थांबतात, त्यांना याहून नेमका शब्द कोणता? इंग्रजीच्या धर्तीवर ‘हवामानाची खिडकी’ असे लिहिलेले दिसते. खिडकी आपण हवी तेव्हा उघडतो. उघडीप आपल्या हातची नसते. दुसरा शब्द ‘वापसा’. पाऊस पडून गेला, पण जमीन अजून चिखल आहे तर पेरता येत नाही; फार वाळली तरी पेरता येत नाही; मधली जी योग्य ओल, तो वापसा. ताज्या बर्फाचा थर बसून घट्ट होईपर्यंत उतारावर पाऊल टाकू नये, कारण तो घसरतो, हा हिमालयातला पहिला धडा. बर्फालाही वापसा यावा लागतो असे म्हटले तर आपल्या भागातल्या कोणाही शेतकऱ्याला दुसरे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

आणि इथे आपल्या दुभाषी घरांना एक जादा देणगी आहे. आपल्या शेजारचा तेलुगू शेतकरी या वापशाला ‘पदुनु’ म्हणतो. तोच शब्द तो विळ्याच्या धारेलाही वापरतो आणि लोखंडाला दिलेल्या पाण्यालाही. मातीची योग्य ओल आणि पात्याची धार त्याच्या भाषेत एकाच शब्दात नांदतात. आपण ज्या दोन गोष्टी शिखराच्या गोष्टीत एकमेकींपासून तोडल्या, शौर्य आणि वेळ पाहणे, त्या त्याने तोडलेल्या नाहीत. आपला मृग आणि त्याची मृगशिर कार्ते एकाच आठवड्यात येते. बासरला दूरदूरहून लोक लेकरांना अक्षराभ्यासासाठी आणतात; त्या लेकरांतली कितीतरी पुढे दोन भाषांत विचार करतात. पेरणीच्या वेळेसाठी दोन दोन शब्द ज्याच्या घरात आहेत, त्याने शिखराच्या वेळेसाठी इंग्रजीकडून खिडकी उसनी घ्यावी, हे बरे दिसत नाही.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. तत्कालीन निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा, समाजकल्याण निवासी शाळेची विद्यार्थिनी, २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. वय तेरा वर्षे अकरा महिने. सोबत खम्मम जिल्ह्याचा साधनापल्ली आनंद कुमार. तेलंगणा राज्य होण्याला तेव्हा आठवडा उरला होता. या मुलीचे कौतुक आपल्या गोदाकाठच्या शाळांतून इतके झाले की तिची गोष्ट येत नाही असे मूल विरळा. २०१७ साली राहुल बोस यांनी दिग्दर्शित केलेला ‘पूर्णा’ हा हिंदी चित्रपटही आला. अदिती इनामदार हिने पूर्णाची भूमिका केली. चित्रपट प्रामाणिक आहे. त्याने गाव, गरिबी, निवासी शाळा आणि बालविवाह यांना जी जागा दिली ती योग्यच, कारण त्या मुलीने चढलेला पहिला कडा तोच होता. पण हिमालय आला की तिची गोष्ट पुन्हा हिंमत या एकाच शब्दावर येऊन थांबते. भाषणांत तर दुसरे काहीच उरत नाही.

वास्तविक त्या चढाईत सांगण्यासारखे किती आहे! नेपाळच्या बाजूने सोळा वर्षांखालच्यांना परवाना मिळत नाही, म्हणून तिबेटची उत्तर बाजू. ती बाजू अधिक थंड, अधिक वाऱ्याची. माथ्याकडे जाणारी धार लांब, त्यामुळे आठ हजार मीटरच्या वर काढावे लागणारे तासही जास्त. म्हणून आधी भुवनगिरीच्या खडकावर सराव, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी. आणि शेवटी मेअखेरचा तो दिवस, मान्सून येण्यापूर्वीचा. तेरा वर्षांच्या मुलीने भीती गिळली हे खरेच. पण कोणत्या दिवशी पाऊल उचलायचे हे तिच्या बरोबरच्यांनी ओळखले आणि तोवर तिने थांबण्याचा धीर धरला, हे तितकेच खरे. गोष्टीतून हा दुसरा भाग गळाला की ऐकणाऱ्या मुलीला वाटते, हिंमत असली की पुरे. तिला अर्धेच सत्य मिळते.

या अर्ध्या सत्याचा सर्वांत वाईट परिणाम परतण्याच्या प्रसंगी होतो. लढाईच्या भाषेत परतण्याला एकच शब्द आहे, ‘माघार’. आणि तो अपमानाचा आहे. गिर्यारोहणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. २६ मे १९५३ रोजी चार्ल्स इव्हान्स आणि टॉम बूर्डिलाँ हे दोघे एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत, म्हणजे माथ्याच्या खाली केवळ शंभरएक मीटरपर्यंत पोहोचले होते. दुपारचा एक वाजून गेला होता, इव्हान्सचे प्राणवायूचे यंत्र कुरकुरत होते. ते परतले. वाटेत त्यांनी ठेवलेली अर्धवट भरलेली नळकांडी तीन दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग यांच्या उपयोगी पडली. माथ्यावर पोहोचलेल्या दोघांच्या श्वासात परतलेल्या दोघांचा वाटा होता. आणि तेनसिंग? १९५३ ची त्यांची ती एव्हरेस्टवरची सातवी खेप. १९५२ च्या वसंतात रेमंड लाम्बेर यांच्यासह ते साडेआठ हजार मीटरच्या वर जाऊन परतले. त्याच वर्षीच्या शरदात थंडी आणि वाऱ्याने पुन्हा परतले. पुढे आपले आयुष्य सांगताना त्यांनी पर्वताला शत्रू मानणे साफ नाकारले आणि मायलेकराचे नाते जोडले. सहा वेळा परतलेल्या माणसालाच ते सुचू शकते.

परतले नाहीत त्यांचेही उदाहरण आहे. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारी दोनची वेळ सांगितली गेली होती, पण दोन वाजून गेल्यावरही माणसे वर चढत राहिली. संध्याकाळी वादळ आले. त्या एका दिवस-रात्रीत दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. उत्तर बाजूला गेलेले तिघे भारतीय होते. मे २०१९ मध्ये उघडीप थोड्याच दिवसांची मिळाली आणि शेकडो लोक एकाच दोराला लागले. माथ्याजवळच्या रांगेचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा जणांचे प्राण गेले, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्यांच्याविषयी निवाडा करण्याचा अधिकार घरात बसून लिहिणाऱ्यास नाही. पण एवढे विचारण्याचा अधिकार आहे, की घरी परतणाऱ्यासाठी आपल्या भाषेने स्वागताचा कोणता शब्द राखून ठेवला होता?

शब्द आहे. आषाढीला पालख्या पंढरपूरला जातात आणि पायीच आळंदी-देहूला परत येतात, त्या परतीच्या वाटेला वारकरी ‘परतवारी’ म्हणतात. जाण्याइतकीच ती वारी. गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे ज्याला जमत नाही, तो नामदेव पायरीला माथा टेकतो, कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पुरी होते. ‘तू विठ्ठलाला हरलास’ असे त्याला कोणी म्हणत नाही. इव्हान्स-बूर्डिलाँ यांनी केले ते कळसदर्शन. ज्या समाजाला सात-आठशे वर्षे हे ठाऊक आहे, त्याने शंभर मीटरवरून परतलेल्या पोराला ‘अपयशी’ म्हणावे, हा संस्कार आपला नव्हे.

कोणी म्हणेल, थांबणे आणि परतणे यांत वाचकाला काय रस? थरार हवा तर लढाईच हवी. हा आक्षेप हलका नाही. लेख वाचला गेला पाहिजे, आणि लढाईचे शब्द लवकर पेटतात. पण थरार कशात असतो ते पाहा. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी आपल्या घरात जे वातावरण असते ते ज्याने अनुभवले, त्याला कोणी सांगावे लागत नाही : बियाणे, कर्जाचे हप्ते, आभाळ, आणि शेजाऱ्याने आजच तिफण धरली ही बातमी. दुसरे संघ निघाले, आपण निघायचे की आणखी दोन दिवस थांबायचे, हा बेस कँपवरचा प्रश्न याच जातीचा आहे. लेखकाने तो प्रसंग नीट उभा केला तर कोणत्याही कड्यापेक्षा तो अधिक श्वास रोखायला लावील. आपल्या लेखनात नेमका तोच एका वाक्यात उरकला जातो. कारण लढाईच्या भाषेत थांबलेल्या सैनिकाला सांगण्यासारखी गोष्टच नसते. ‘गिरिप्रेमी’च्या मोहिमांचे नेते उमेश झिरपे यांनी आपल्या एव्हरेस्टवरील पुस्तकाच्या नावात ‘ध्यास’ हा शब्द घेतला, आणि संस्थेच्या नावात ‘प्रेम’ आहे, हे मला शुभचिन्ह वाटते. डोंगरावर जाणारे योग्य शब्द जाणतात. तेव्हा मथळे लिहिणाऱ्यांनी आणि सत्काराची भाषणे करणाऱ्यांनी ते उचलले पाहिजेत.

शाळेत या गोष्टी मुलांना सांगणाऱ्या सहकाऱ्यांना आणि घरी वाचून दाखवणाऱ्या पालकांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. चढाईचा कोणताही लेख हाती आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे लोक किती दिवस थांबले आणि का? परतण्याची वेळ त्यांनी आधी कोणती ठरवली होती? आणि जे माथ्यापर्यंत न जाता परतले, त्यांची नावे लेखात आहेत काय, असल्यास कोणत्या शब्दांत? तिन्ही उत्तरे मिळाली तर लेख चांगला, मग त्यात ‘मोहीम’ आणि ‘सर’ हे शब्द खुशाल असोत. उत्तरे नसतील तर मुलांना तिथेच थांबवून, उघडीप म्हणजे काय ते सांगावे. बरीच मुले आपल्याला सांगतील; त्यांनी ती घरी पाहिलेली असते.